गोठ्यातला ग्रॅज्युएट

आमच्या घराण्याचा आणि गाईचा संबंध पूर्वी तीनच ठिकाणी येत असे. एक, शाळेतील निबंधाच्या वहीत. दोन, श्राद्धाच्या दिवशी केळीच्या पानावर काढून ठेवलेल्या घासात. आणि तीन, दूधकेंद्रावरच्या रांगेत. आमचे आजोबा दादरच्या केंद्रावर पहाटे पाचला उभे राहून आरेच्या बाटल्या आणीत. वडिलांच्या वेळी बाटल्यांच्या पिशव्या झाल्या आणि रांग संपली. माझ्या वाट्याला तर दूध आले ते दाराच्या कडीला अडकवलेल्या पिशवीतून. त्या पिशवीमागे कोठेतरी एक गाय किंवा म्हैस उभी असते, हे मला ठाऊक होते. पण ते पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे ठाऊक असावे तसे!

अशा या घराण्यातील एक बी. कॉम. मुलगा पुढे पहाटे चारला उठून परक्या देशात तीनशे गाईंच्या धारा काढू लागला, त्याची ही हकीकत आहे.

त्याचे असे झाले. २०१२ साली मी न्यूझीलंडला शिकायला गेलो. आमच्या गावच्या एका एजंटाने भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून सांगितले होते, “एक वर्षाचा व्यवस्थापनाचा डिप्लोमा, मग नोकरी, मग कायमचा मुक्काम!” त्याचे बोट इतक्या सहजतेने फिरले की, वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले आणि उरलेल्या रकमेसाठी बँकेत घर गहाण टाकले. मी ऑकलंडला पोचलो. डिप्लोमा झाला. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला तेथील सरकारने एक वर्षाची मुदत दिली. मी अर्ज करीत सुटलो. चौसष्ट अर्ज केले. उत्तरे फार सभ्य येत. ‘आपण आमच्या संस्थेत रस दाखविल्याबद्दल आभार’ हे वाक्य मला इतके पाठ झाले की, स्वप्नातही कोणीतरी माझे आभार मानी आणि दार लावून घेई.

पाच महिने गेले. रात्री एका भाजीच्या वखारीत कांद्याची पोती उचलायची आणि दिवसा टाय लावून मुलाखतीला जायचे, असा माझा दुहेरी संसार चालला होता. घरी हप्ता सुरू झाला होता. फोनवर वडील कधी विचारीत नसत. ते विचारीत नाहीत, हेच कानाला जास्त टोचे.

जुलैमध्ये एका मित्राबरोबर हॅमिल्टनला गेलो. तेथे ते रापा या भागात गुरुद्वारा आहे. १९७७ साली उघडलेला हा न्यूझीलंडमधला पहिला गुरुद्वारा. मी गेलो तो भक्तीने नव्हे, भुकेने. लंगरच्या पंगतीत माझ्या शेजारी एक पांढऱ्या दाढीचे वृद्ध सरदारजी बसले होते. माझ्या पोळ्यांची संख्या पाहून त्यांना माझ्या आर्थिक परिस्थितीचा अंदाज आला असावा. त्यांनी चौकशी केली. पंजाबातून विसाव्या शतकाच्या आरंभी आलेल्या लोकांनी या भागातले रान कसे तोडले, दलदलीतून चर कसे खणले आणि त्यांतले काही पुढे स्वतःच्या गाई व जमिनी करून कसे बसले, हे त्यांनी मला खीर वाढून घेता घेता सांगितले. मग एकदम विचारले, “बेटा, गाय से डर लगता है?”

“नहीं,” मी म्हणालो. खरे म्हणजे मला कल्पनाच नव्हती. वाघाची भीती वाटते की नाही, हे सांगायलाही वाघ भेटावा लागतो!

त्यांच्या शेजारच्या शेतावरचा गडी ऐन विणीच्या हंगामात काम सोडून गेला होता. तेथे गाई वर्षभर मनाला येईल तेव्हा वीत नाहीत. सारा कळप गवताच्या पंचांगावर चालतो. जुलै-ऑगस्टमध्ये, हिवाळा सरता सरता, झाडून साऱ्या गाई वितात. म्हणजे वसंतात कुरण भरभरून वाढते तेव्हा त्यांचे दूधही शिगेला पोचते. नोकऱ्यांची अदलाबदल होते ती १ जूनला. त्या दिवशी गडीमाणसे, ट्रक, कपाटे आणि कधी कधी गाईंचे कळपसुद्धा एका शेतावरून दुसऱ्या शेतावर हलतात. त्यामुळे जुलैत गडी पळाला म्हणजे लग्नघरी ऐन वेळी आचारी पळाल्यासारखे! माझे नशीब त्या पळालेल्या आचाऱ्याने उघडले.

मुलाखत झाली ती स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी. मालक साठीच्या घरातले, उंच, पायांत नुसते मोजे. कारण चिखलाचे रबरी बूट दाराबाहेर ठेवायचे, हा तेथला सोवळ्याचा नियम. मी डिप्लोमाची फाईल पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली, तोलून पाहिली आणि परत दिली.

“शेवटची गाय केव्हा पाहिलीस?”

“आजच. बसच्या खिडकीतून.”

ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, “ट्रॅक्टर येतो?” नाही. “कुंपणाचे काम?” नाही. “पहाटे चारला उठता येते?” 

या एका प्रश्नाला मी छातीठोकपणे हो म्हणालो. दादरच्या रांगेची पुण्याई शेवटी अशी कामास आली! त्या वर्षीच्या किमान वेतनावर, म्हणजे ताशी १३.७५ डॉलरवर, मला ठेवून घेतले. राहायला दोन खोल्यांचे लाकडी घर दिले.

त्या रात्री मी घरी फोन केला. “आई, डेअरी उद्योगात नोकरी लागली.” शब्दन् शब्द खरा होता.

“ऑफिस लांब आहे का रे?”

“छे! घराला लागूनच.”

“साहेब कसे आहेत?”

“फार साधे. पहाटे पाचला स्वतः हजर असतात.”

वडिलांनी पेढे वाटले. इमारतीत बातमी पसरली ती ‘डेअरी कंपनीत ऑफिसर’ अशी. एकट्या आजीने फोन हातात घेऊन विचारले, “गाई की म्हशी?” मी गाई म्हणालो. ती “बरं” म्हणाली आणि तिने फोन आईकडे दिला.

वाचकहो, गोठा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दावे, गव्हाण आणि छप्पर येते. तेथे गाईला यातले काहीच नसते. बारा महिने ती उघड्या कुरणात. थंडीत, पावसात, धुक्यात ती बाहेर आणि धार काढण्यापुरती आत. छप्पर असते ते धार काढण्याच्या जागेला. मध्ये एक खोल खड्डा. त्याच्या दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर गाई तिरप्या उभ्या राहतात. माशाच्या कण्याला काटे असावेत तशा दिसतात, म्हणून या रचनेला त्यांनी हेरिंग माशाच्या काट्याचे नाव दिले आहे. ही रचना १९५२ साली याच वायकाटो भागातील रॉन शार्प नावाच्या शेतकऱ्याने काढली. माणसाने वाकायचे नाही. गाईची कासच माणसाच्या छातीच्या उंचीवर यावी, एवढी साधी युक्ती! आमच्याकडे एका बाजूला चोवीस गाई उभ्या राहत. एका बाजूच्या सडांना यंत्राच्या वाट्या लावीपर्यंत दुसरी बाजू रिकामी होई. दोन तासांत तीनशे गाई. पहाटे एकदा आणि दुपारी एकदा.

पहिल्या दिवशी मी त्या खड्ड्यात उतरलो तो ग्रॅज्युएट म्हणून आणि वर आलो तो डोक्यापासून पायापर्यंत शेणाने अभिषिक्त होऊन. गाय शेण टाकणार आहे, हे तिच्या शेपटीवरून ओळखायचे असते. हे ज्ञान कोणत्याही डिप्लोम्यात शिकवीत नाहीत. दुसऱ्या दिवशी विजेच्या कुंपणाला हात लागला. तिसऱ्या दिवशी फाटक उघडे राहिले आणि ऐंशी गाई मालकीणबाईंच्या बागेत शिरून गुलाब खाऊन आल्या. मालक एवढेच म्हणाले, “होईल सगळं ठीक.” त्या देशात भूकंपापासून गुलाबापर्यंत सर्व गोष्टींना हे एकच वाक्य लावतात. मी त्यांना ‘सर’ म्हणे तेव्हा ते मागे वळून पाहत, आणखी कोण आले आहे म्हणून. साठीच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझ्या जिभेला तीन आठवडे लागले.

गाईंना नावे नव्हती, कानात पिवळे बिल्ले आणि त्यांवर आकडे होते. पण कळपात मानापमान असतो. धारेला आत येण्याचा क्रम रोज जवळजवळ तोच. पुढच्या पुढे, मागच्या मागे. आकडा ११७ ही गाय नेहमी सर्वांत शेवटी, कोणालाही वाट न देता, सावकाश येई. तिच्या चालीत आमच्या इमारतीतल्या एका काकूंचा भास होई, म्हणून मी तिला काकू म्हणू लागलो. वशिंड नाही, अंगावर काळे-पांढरे ठिगळ, कपाळावर पांढरा चांद. आपल्याकडच्या चित्रातली गाय ती नव्हे. पण डोळे तेच.

ऑगस्टमध्ये एका रात्री काकू अडली. पाऊस पडत होता. मालकांनी विजेरी माझ्या हातात दिली, वासराच्या पुढच्या पायांना दोर बांधले आणि म्हणाले, “ती कळ देईल तेव्हाच ओढ. ती थांबली की तू थांब.” मी ओढले. हात सुन्न झाले होते. मग एकदम सारे ओझे सुटले आणि एक गरम, ओले, वाफाळलेले वासरू माझ्या मांडीवर आले. मालकांनी त्याच्या नाकात गवताची काडी घातली, ते शिंकले. काकूने मान वळवली, त्याला चाटू लागली आणि चाटता चाटता माझा हातही चाटून काढला. काटेरी, खरखरीत जीभ. मी त्या चिखलात बसून राहिलो. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी काहीतरी कामाचे केले आहे, असे मला वाटले.

व्यालेल्या गाईचे पहिले आठ वेळचे दूध टाकीत घालायचे नाही, असा नियम होता. तो चीक वासरांना पाजीत. पिवळाधमक, दाट चीक बादल्या भरभरून. तो पाहून माझ्यातला कोकणी जागा झाला. एके दिवशी मी एक भांडे घरी नेले, गूळ मिळाला नाही म्हणून तांबडी साखर घातली, वेलची कुटली आणि खरवस वाफवला. वड्या पाडून मालकीणबाईंना नेऊन दिल्या. त्या चाखून थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “चाळीस वर्षं मी ही वस्तू फक्त वासरांना पाजते आहे!” त्या दिवसापासून मी त्यांच्या घरी गडी राहिलो नाही.

पण या खरवसाची दुसरी बाजूही होती, आणि ती सांगितल्यावाचून ही हकीकत पुरी होणार नाही.

तीनशे गाई वितात तेव्हा जवळजवळ तीनशे वासरे होतात. त्यांतल्या पाऊणशे चांगल्या कालवडी पुढच्या कळपासाठी ठेवायच्या. बाकीच्यांचे काय? काही कोणी पोसायला नेतात. उरलेल्यांसाठी, त्यांत बहुतेक पाडे, चार दिवस पुरे झाल्यावर सकाळी ट्रक येतो. नाळ वाळलेली हवी, पोट भरलेले हवे, स्वतःच्या पायांवर उभे राहता आले पाहिजे. नियम काटेकोर आहेत. ट्रक कत्तलखान्यात जातो.

एका सकाळी मालकांनी मला सांगितले, “सात आहेत. फाटकापाशी नेऊन ठेव.” पहिलेच उचलले ते काकूचे. पाडा होता. त्याने माझे बोट तोंडात घेतले आणि चोखू लागला. मी तेथेच मटकन खाली बसलो. मला ते काम होईना. मालक आले. ते रागावले नाहीत. त्यांनी सातही वासरे एकेक करून, दोन्ही हातांनी नीट धरून, स्वतः नेली.

चहाच्या वेळी ते म्हणाले, “तुमच्या धर्मात हे चालत नाही, हे मला माहीत आहे. पण एक विचारतो. तुझ्या घरी चहात दूध घालतात?”

“हो.”

“मग तिकडच्या पाड्याचं काय होतं?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तसेच मिटले. मला ठाऊक नव्हते असे नाही. मुंबईच्या तबेल्यांत म्हशीच्या नर रेडकाला पोटभर दूध पाजणे परवडत नाही, हे सारे जाणतात. मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून तो म्हशीपुढे ठेवीत, म्हणजे ती पान्हा चोरीत नसे, हे मी लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकले होते. ऐकले आणि वरून चहा प्यालो. येथे निदान कोणी डोळे झाकून घेत नव्हते. पुढच्या खेपेला ट्रक आला तेव्हा वासरे मी नेली. मालकांनी बळजबरी केली म्हणून नव्हे. दूध मी पितो आणि त्याचे ओझे दुसऱ्याने उचलायचे, हे मला बरे वाटेना. सवय झाली, असे मात्र म्हणणार नाही. ती अजून झालेली नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस वसुबारस आली. तिकडे वसंत ऋतू. गवत गुडघ्यापर्यंत, कायमाईच्या डोंगरावर निळे धुके. पहाटे चारला मी उठलो, तेव्हा घरी आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ वाजले होते. फोन आजीने घेतला.

“आज वसुबारस. खालच्या रस्त्यावर एक बाई गाय-वासरू घेऊन बसली होती. पाच मिनिटांत दहा जणींनी पूजा केली, गाय बिचारी कंटाळली. तुमच्याकडे मिळते का रे एखादी गाय पूजेला?”

खिडकीबाहेर, अंधारात, तीनशे गाई रवंथ करीत बसल्या होत्या. मला हसू आले आणि त्या हसण्याचेच रडणे झाले. मी आजीला सगळे सांगितले. ऑफिस नाही, टाय नाही. मी शेण काढतो, धारा काढतो. वासरांचेही सांगितले. ट्रकचेही. ज्या तोंडाने ती तुळशीपुढे स्तोत्रे म्हणते, तिच्या कानावर हे घालायला नको होते. पण एकदा बांध फुटल्यावर पाणी कोठे निवडून वाहते?

बराच वेळ पलीकडे आवाज नव्हता. मला वाटले, फोन तुटला.

“शेण काढायची लाज वाटते होय तुला?” आजी म्हणाली. “राजापूरला लग्न होईपर्यंत मी तेच काढत होते. आमच्या हातांना कधी वास आला नाही तो?” मग थांबून म्हणाली, “आणि वासराचं म्हणशील, तर आमच्या कपिलेला पाडा झाला की माझे वडील तो घाटावर देऊन टाकीत. बैल करतील म्हणत. सगळेच काही बैल होत नसत, हे आईला ठाऊक होतं. ती त्या दिवशी जेवत नसे. गाय दूध देते असं आपण म्हणतो. देते कुठली? आपण घेतो. वासराच्या तोंडचं घेतो. एवढं वर्षातून एकदा तरी ध्यानात राहावं, म्हणून आज दुधातुपाला शिवायचं नाही. नुसती बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. कळलं? आता जा, तुझ्या गाई तटून उभ्या असतील.”

“आई-बाबांना काय सांगू?”

“ते मी बघते.”

आजीने ते कसे पाहिले, मला अजून ठाऊक नाही. दोन दिवसांनी वडिलांचा फोन आला. “एका गाईचं दूध साधारण किती निघतं रे?” एवढेच त्यांनी विचारले. मग आम्ही अर्धा तास दुधावर बोललो. आयुष्यात इतका वेळ आम्ही दोघे कशावरही बोललो नव्हतो.

त्या सकाळी धार संपल्यावर आईने बांधून दिलेल्या डबीतले कुंकू मी बोटावर घेतले आणि काकूच्या कपाळावरच्या पांढऱ्या चांदावर लावले. तेवढ्यात मालक आले. ते दिवस गाई फळवण्याचे होते. माजावर आलेली गाय ओळखता यावी म्हणून शेपटीच्या मुळाशी लाल रंगाचा पट्टा ओढीत. मालकांनी काकूचे कपाळ न्याहाळले आणि गंभीरपणे म्हणाले, “पोरा, रंग चुकीच्या टोकाला लावलास.”

मी त्यांना वसुबारस समजावून सांगितली. त्यांनी टोपी काढून डोके खाजवले. त्या दिवशी मालकीणबाईंनी चहा दिला तो बिनदुधाचा. माझ्यापुरता नव्हे, तिघांनाही.

त्यानंतर एक तप उलटले. २०१३-१४ च्या हंगामात दुधातील स्निग्धांश व प्रथिने मिळून किलोमागे ८.४० डॉलर भाव मिळाला होता. पुढच्या हंगामात तो ४.४० वर आला आणि त्याच्या पुढच्या हंगामात ३.९० वर. त्या दोन वर्षांत मालक रात्री दिवा लावून हिशेब करीत बसत, जुनी कुंपणे स्वतः सांधीत. पण माझ्या पगाराला त्यांनी हात लावला नाही. वडिलांचे घर त्याच पगारातून सुटले. २०१८ साली आजी गेली. काकूही आता नाही. मालकांनी शेत सोडले; मी आता दुसऱ्या एका शेतावर कंत्राटाने दूध काढतो. वर्षाला काही पाडे मोठे करायला ठेवतो. त्यांनाही शेवटी दोन वर्षांनी जायचेच असते, हे मला ठाऊक आहे. तेवढी दोन वर्षे गवत मिळते, एवढेच.

वसुबारसेच्या पहाटे मी चहा कोराच पितो. कडू लागतो. मग बूट चढवतो, दिवा लावतो आणि गाईंना हाक मारायला कुरणाकडे निघतो.